अडई की हळदी-कुंकू? तळ्यावरचं बदक ओळखायचं कसं

पहिलं सांगतो, नावावरून जाऊ नका. हळदी-कुंकू बदक म्हटलं की माणूस दुर्बीण लावून चोचच शोधत बसतो, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोच कपाळाला भिडते तिथे लाल ठिपके म्हणून ते नाव पडलं हे खरं, पण आमच्या सिंधुदुर्गात पाट गावच्या तलावावर नाहीतर धामापूरच्या तळ्यावर बदकं नेमकी पलीकडच्या काठाला असतात आणि ऊन आपल्या डोळ्यावर, कुंकू कसलं दिसतंय! त्यात पिल्लांना ठिपके नसतातच, मादीला असले तर बारीक. मी पहिला अख्खा हिवाळा वहीत 'लाल ठिपके नाहीत, म्हणजे अडई' असं बिनधास्त लिहीत गेलो आणि नंतर जुने फोटो मोठे करून बघितले तर त्यातली बरीचशी हळदी-कुंकूच निघाली. हळद मात्र लांबूनही चमकते, पिवळ्या टोकावर भरवसा ठेवा.

त्याहून सोपी खूण म्हणजे पाठीमागचा पांढरा पट्टा. हळदी-कुंकू पाण्यावर बसलेलं असताना शेपटीच्या जरा अलीकडे, मिटलेल्या पंखावर पांढरी रेघ दिसते, चुन्याचं बोट पुसल्यासारखी. बाकी अंगावर खवल्याखवल्यांची नक्षी, चेहरा फिका, डोळ्यातून काळी रेघ, पाय नारिंगी. अडईला यातलं काहीच नाही, ती सगळी विटकरी-तपकिरी, पाय काळपट, डोळ्याभोवती बारीक पिवळी कडी पण ती जवळून.

साइजमध्ये गफलत व्हायला नको खरंतर, अडई 40 सेंटिमीटरच्या आसपास म्हणजे कावळ्याएवढी लांब आणि वजन अर्धा किलोच्या आगेमागे, तर हळदी-कुंकू 60 सेंटिमीटरपर्यंत जातं, चांगलं गावठी बदकाएवढं. पण एकटं बदक लांब पाण्यात असलं की मापाला शेजारी काही नसतं, तेव्हा साइजवर पैज लावू नका. त्यापेक्षा बसण्याची ढब बघा: अडईची मान बारीक आणि पाय लांब, काठावर उभी राहिली की उंच वाटते. आणि झाडाच्या फांदीवर बदक बसलेलं दिसलं तर डोळे झाकून अडई लिहा, ती ढोलीत अंडी घालते, कधी कावळ्या-बगळ्यांच्या जुन्या घरट्यातसुद्धा. हळदी-कुंकू जमिनीवर गवतात घरटं करतं, ते फांदीवर कशाला जाईल.

आता आवाज. इथे तर प्रश्नच मिटतो. अडई उडताना शीळ घालते, जरा घोगरी, दोन सुरांची, इंग्रजीत तिला लेसर व्हिसलिंग डक म्हणतात ते त्यामुळेच. हळदी-कुंकूची मादी सरळ क्वॅक क्वॅक करते, नर तेच जरा बसक्या आवाजात. अडई चरायला बहुतेक रात्रीच निघते, वायंगणी म्हणजे उन्हाळी भाताच्या मळ्यावरून अंधारात शिळा घालत थवा गेला की घराच्या पडवीत बसून पण कळतं, कॅमेऱ्याची गरज नाही. आमचा एक शेजारी तर पक्षीबिक्षी बघत नाही, तो म्हणतो, "ता शीळ मारता मा, ता येगळा." झालं, इतकंच.

दिवसा उडाली तरी सोपं आहे. अडईचे पंख रुंद, गोलसर, सावकाश हलतात, डोकं जरा खाली झुकलेलं आणि पाय शेपटीच्या मागे लोंबतात, एकूण प्रकार बेंगरूळच. हळदी-कुंकू जड अंगाचं पण सरळ सुटतं, पंखावर हिरवा चमकदार पट्टा आणि त्याला पांढरी किनार.

थवा मोठा, कमळाच्या पानांत दाटीवाटीने बसलेला असेल तर बहुतेक अडईच, हळदी-कुंकू जोडीने किंवा चार-सहाच्या घोळक्यात. हा फक्त अंदाज हं, दोन्ही एकाच तळ्यात सुखाने राहतात आणि दोन्ही बारमाही आपल्याकडची, थंडीतली पाहुणी नव्हेत.

अडई ठरली तरी एक घोळ उरतोच, मोठी अडई नावाची दुसरी जात. ती आपल्याकडे क्वचितच, पण उडताना शेपटीच्या मुळाशी बघून ठेवा: तिथे विटकरी असेल तर आपली नेहमीची, पांढरट चंद्रकोर दिसली तर पटकन फोटो काढा, आधी ओळख नंतर.