डिप्रेशनमध्ये जोडीला काय: कॅप्सूलची डबी की बदललेलं ताट?

मानसोपचारतज्ज्ञांची गोळी सुरू आहे, किंवा त्रास सौम्य आहे म्हणून डॉक्टरांनी अजून गोळी लिहिलेली नाही, आणि त्याच्या जोडीला आपणही काहीतरी ‘नैसर्गिक’ करावं असं वाटतंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. गोळी बंद करून त्याजागी काय घ्यावं, असा प्रश्न असेल तर इथे उत्तर मिळणार नाही. जगणंच नको वाटण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर केशर आणि बांगडा दोन्ही बाजूला ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता मुद्द्यावर. एक रस्ता डबीचा: सेंट जॉन्स वॉर्ट, केशर, अश्वगंधा, फिश ऑइल. दुसरा स्वयंपाकघराचा. दोन्हीकडे मी राहून आलोय.

सेंट जॉन्स वॉर्टपासून सुरुवात करतो, कारण परदेशातून येणारा एखादा तरी नातेवाईक ही बाटली बॅगेत घालून आणतोच. पिवळ्या फुलांची युरोपातली वनस्पती, जर्मनीत तर डॉक्टर लिहून देतात. डबीवाल्यांत पुराव्याच्या बाबतीत हीच सर्वात वजनदार. २००८च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. औषधाचा अंश नसलेल्या गोळीपेक्षा ती सरस ठरली, नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली आणि दुष्परिणामही कमी दिसले. मात्र जर्मन भाषक देशांतले निकाल इतरांपेक्षा जास्त गोडगोड होते, हे त्याच आढाव्यात नोंदवलंय. एवढं असूनही मी ती बाटली उघडली नाही. ही वनस्पती यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या विकरांचा वेग वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, अवयव बदललेल्यांची औषधं यांचा असर उतरतो. आणि माझ्यासारखा एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी घेणारा असेल तर दोन्ही मिळून शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. त्यामुळे गोळी चालू असणाऱ्यांनी या बाटलीच्या वाटेलाच जाऊ नये.

केशराचं प्रकरण जरा रोमँटिक आहे. तेहरानमधल्या डॉक्टरांनी रोज ३० मिलिग्रॅम केशर देऊन चाचण्या केल्या, काहींत थेट फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळीशी तुलना केली, आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात ते फारसं मागे पडलं नाही. पण त्या चाचण्या लहान होत्या, काही आठवड्यांच्या, आणि बऱ्याचशा त्या एकाच देशातल्या. ३० मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. महिन्याचा हिशेब केला की जवळजवळ एक ग्रॅम होतो, म्हणजे दिवाळीच्या श्रीखंडासाठी आणलेली डबी दर महिन्याला संपवायची. त्यात भेसळ. मक्याच्या कणसाचे केस नाहीतर करडईच्या पाकळ्या रंगवून विकायचा धंदा जुना आहे. खरं केशर कोमट पाण्यात टाकलं की रंग हळूहळू, सोनेरी उतरतो आणि धागा लालच राहतो. पाणी क्षणात लालभडक झालं तर समजावं, आपण रंग विकत घेतलाय. आता ही पारख माणसाने मन लागत नसतानाच्या सकाळी करायची!

अश्वगंधेबद्दल थोडक्यात. तिचा पुरावा ताण आणि झोप यांसाठी बरा आहे, नैराश्यासाठी पातळ. मला झोप थोडी बरी लागली असावी, पण सकाळी डोकं जड राहायचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

फिश ऑइलमध्ये खरी मेख लेबलात आहे. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. नैराश्यात ज्याचा काही उपयोग दिसलाय तो घटक ईपीए, म्हणजे ओमेगा-३ चा एक प्रकार, आणि साध्या कॅप्सूलमध्ये तो असतो साधारण १८० मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास ईपीए देतात, म्हणजे पाच-सहा कॅप्सूल झाल्या. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला, त्यात रोजच्या ओमेगा-३ने नैराश्य टळलं नाही. टाळणं वेगळं, आलेलं कमी करणं वेगळं, हे मान्य. पण दुपारी ऑफिसात, एसीच्या बंद खोलीत येणारा माशाचा ढेकर काही मान्य होण्यासारखा नव्हता.

तरी ढेकर सोसला असता. मला डबीवरून उठवलं ते वेगळ्याच गोष्टीने. डबी घरात आली की चौकशी सुरू होते. आई विचारणार, ‘गुण आला का रे?’ बायको विचारत नाही, पण चहा देताना तोंडाकडे बघते. सांगलीच्या मावशीचा फोन: ‘अरे, आमच्या शेजारणीच्या सुनेला आठवड्यात फरक पडला. तू नीट घेतोस ना?’ नीट घेत होतो हो. आणि यातला सर्वात चिकट चौकशी अधिकारी आपण स्वतःच. सकाळी केशराचं दूध घेतलं की दहाच्या सुमारास स्वतःला चाचपणं चालू. आज हलकं वाटतंय का? की कालच्यासारखंच? या दुखण्यात मन तसंही सारखं स्वतःकडेच वळून बघत असतं, त्यात त्याला दिवसातून तीनदा हजेरी घ्यायला लावायची. ताप असता तर थर्मामीटर लावून मोकळं होता आलं असतं. इथे आकडा नाही, त्यामुळे निकाल कधी लागतच नाही. आणि नाही वाटलं हलकं, तर ‘हेही आपल्याला लागू पडलं नाही’ हे ओझं वर. दुसऱ्या कुणाला याचा काही त्रास होत नसेलही. मला झाला, इतका की नवी डबी फोडायचीच धास्ती बसली.

भाकरी खाल्ल्यावर कुणी विचारत नाही, गुण आला का म्हणून.

ताटाच्या बाजूने पुरावा काय? सर्वात जास्त उल्लेख होतो तो ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या ‘स्माइल्स’ चाचणीचा. ६७ माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भूमध्यसागरी वळणाचं जेवण लावून दिलं, निम्म्यांशी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा मारल्या. आहारवाल्यांत साधारण ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पावाल्यांत ८ टक्के. बरेच जण आधीच गोळ्या किंवा समुपदेशन घेत होते, म्हणजे ताट हे जोडीला होतं. आकडा बघून हुरळून जाऊ नका. माणसं थोडी होती, आपण काय खातोय हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि निवडताना ज्यांचं खाणं मुळात वाईट होतं तेच घेतले होते. तुमच्या घरी रोज वरण-भात-भाजी-कोशिंबीर व्यवस्थित होत असेल तर तुम्हाला एवढा फरक कदाचित जाणवणार नाही. माझं जेवण म्हणजे चहा-बिस्किटं आणि रात्री वडापाव, त्यामुळे मी त्यांच्यात चपखल बसत होतो.

त्या आहाराची यादी वाचली तर परकं फारसं काही नाही: अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दही-दूध, दाणे, मासे. ऑलिव्ह ऑइलच्या नादाला मी लागलो नाही, शेंगदाण्याचं तेलच ठेवलं. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, दही, मूठभर दाणे. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, कारण ओमेगा-३ याच स्वस्त, तेलकट माशांत भरपूर असतं. पापलेटवर पैसे घालवायची गरज नाही. तिरफळं घातलेलं तारल्यांचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणजे एकदा रांधून दोनदा सुटका. आणि त्याचा ढेकर आला तर निदान जेवल्याचं समाधान असतं.

ताटाची अडचण एकच, पण मोठी: रांधायचं कुणी? अंथरुणातून उठणं जड जातं त्या दिवसांत मटकी भिजवायची आठवण कुठून राहणार? ‘आहार बदला’ म्हणणाऱ्यांना हे बहुधा माहीतच नसतं. मी वाईट दिवसांसाठी वेगळा बेत ठेवलाय: पोळीभाजी केंद्रातून दोन भाकऱ्या आणि उसळ, घरात उकडलेली अंडी, दही, केळं. तेही नको झालं तर दाणे-फुटाणे आणि गूळ. नियम एवढाच की दुपारचं जेवण चुकवायचं नाही. एकटे राहणाऱ्यांना हे अवघड आहे. त्यांनी डबा लावावा आणि बाकी चिंता सोडावी.

फरक पडला का? पडला असं वाटतं, पण कुठल्या दिवसापासून ते सांगता येणार नाही. संध्याकाळचं गळून जाणं कमी झालं, ते गोळीमुळे की भाकरीमुळे, देव जाणे. डबीच्या काळात हा प्रश्न मला रोज छळायचा, आता पडतही नाही.

तरीही काहींना डबीच सोयीची पडेल. फिरतीची नोकरी, हॉस्टेलचं जेवण, घरात स्वयंपाकावर आपला शब्द चालत नाही, अशांनी खुशाल घ्यावी. फक्त एका वेळी एकच घ्या आणि लेबलचा फोटो आधी डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जरूर खा, पण जवसातल्या ओमेगा-३चं ईपीएत रूपांतर फार थोडं होतं. चाचण्यांत दिलेल्या मात्रेच्या जवळपासही ते जात नाही. आणि काहीही विकत आणण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्हींची कमतरता नैराश्यासारखीच दिसू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं. माझंही कमीच निघालं. त्यामुळे आमच्या फडताळात आता एकच डबी आहे, ती त्याची, आणि तिचा गुण रक्ताच्या रिपोर्टवर आकड्यात दिसतो.