ऑपरेशन यशस्वी झाल्यानंतरचा गुडघा : कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात आमच्या मोटारीला मागून टेम्पोची धडक बसली आणि मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. डॅशबोर्ड आत दबल्यामुळे माझ्या उजव्या नडगीचे हाड गुडघ्याच्या लगेच खाली, सांध्याची बैठक असते नेमके तिथेच फुटले. प्लेट आणि सात स्क्रू बसवले गेले, एक्स-रे पाहून सर्जन समाधानी झाले आणि नातेवाइकांच्या लेखी मी बरी झाले. त्यानंतर जे मागे उरले, त्यासाठी गेले चौदा महिने मी या केंद्रात जात आहे. थोड्या तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे नाव देत नाही.

याआधी दुसरीकडे जात होते, तिथे आयएफटीच्या (वेदना कमी करण्यासाठी सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्या लावून वीस मिनिटे पडून राहायचे आणि पैसे देऊन घरी यायचे, एवढेच उपचार होते. इथे पहिल्या दिवशी कोणतेही यंत्र लावले नाही. इथल्या थेरपिस्ट मॅडमनी गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) गुडघा किती वाकतो ते मोजले (८४ अंश), टेपने दोन्ही मांड्यांचा घेर घेतला (उजवी तीन सेंटिमीटरने बारीक), आणि मग घरात जिने किती, संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, स्वयंपाक उभ्याने किती वेळ करता, हे सगळे विचारून वहीत लिहून घेतले. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६० ते ७० अंश पुरतात, जिना उतरायला ९० च्या आसपास लागतात आणि मांडी घालून बसायला १२० च्याही बरेच पुढे जावे लागते, हा हिशेब मला तिथे प्रथमच समजला. मांडी घालणे बहुधा परत येणार नाही, आणि सांध्याचा पृष्ठभागच फुटलेला असल्यामुळे त्या गुडघ्याला संधिवात लवकर गाठू शकतो, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितले. ऐकताना राग आला होता. पण गणपतीत पाटाऐवजी खुर्चीवर बसताना पुढच्या वर्षी बघू असे आता म्हणावे लागत नाही.

या केंद्रातली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे सुताराकडून करून घेतलेले चार, सहा आणि आठ इंच उंचीचे तीन लाकडी पाट. दुखऱ्या पायावर पाटावर उभे राहायचे, चार आकडे मोजत दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची आणि समोरच्या आरशावर चिकटवलेल्या उभ्या पट्टीकडे पाहत गुडघा आत झुकू द्यायचा नाही. हा व्यायाम दिसतो पोरखेळ, पण सहाव्या वेळेला मांडी थरथरू लागते. पीएमपीच्या बसमध्ये चढण्यापेक्षा उतरणेच मला अवघड जात असे आणि ती भीती या पाटांनीच कमी केली. सध्या गुडघा ११२ अंशांपर्यंत वाकतो. थंडीत आणि दीड-दोन तास एका जागी बसल्यावर मात्र तो पहिल्यासारखाच आखडतो.

आणखी एका गोष्टीचे श्रेय मॅडमना द्यायला हवे. मोटारीत शेजारच्या सीटवर बसले की माझा पाय अजूनही नसलेला ब्रेक दाबतो, हे मी हसत सांगितले तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी झोपेविषयी विचारले आणि समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला दिला.

आता तक्रारी. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद असते. गुडघ्याच्या रुग्णांनी यावर काय म्हणावे! संध्याकाळी सहानंतर एका थेरपिस्टकडे चार-चार रुग्ण असतात, तेव्हा आरशासमोर चूक झाली तरी सांगायला कोणी नसते, म्हणून सकाळची वेळ घ्यावी. पावत्यांचा गोंधळ सर्वांत महागात पडला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना उपचारांचा प्रत्येक खर्च कागदाने दाखवावा लागतो, आणि माझ्या पहिल्या पाच महिन्यांच्या पावत्या तारखेविना, साध्या चिठोऱ्यांवर होत्या. वकिलांनी त्या परत पाठवल्यावर केंद्राने छापील पावत्या दिल्या खऱ्या, पण त्यासाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या. पहिल्याच दिवसापासून तारीख, उपचाराचे नाव, सही-शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असलेली पावती मागून घ्यावी, आणि मोजमापांच्या वहीची झेरॉक्सही दर तीन महिन्यांनी काढून ठेवावी.