८×४२ दुर्बीण : रंकाळ्यावर पास, मालवणच्या बोटीतबी पास

रंकाळ्यावर संध्यामठाचे पाणकावळे बघायचे तर कुठलीबी दुर्बीण चालतीय, पाणी शांत आणि पाय जमिनीवर. खरा कस लागतो तो मालवणात, बोटीत. माझी ८×४२ आहे, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, बारा हजाराच्या आतली. कंपनी लिहीत नाही, या मापात चांगल्या दुर्बिणी चार-पाच कंपन्यांच्या मिळतात, शेवटी आकडेच बघायचे असतात.

कोल्हापुरात दुकानात गेलं की आधी झूमवाली पुढ्यात ठेवतात, २० ते ५० पट, "सर ह्यातनं चंद्राचे खड्डे दिसतात". दिसतील की, पण ट्रायपॉडवर. बोट हलतीय, हात हलतोय आणि जेवढ्या पटीनं पक्षी मोठा दिसतो तेवढ्याच पटीनं ते हलणंपण मोठं दिसतं. आमच्यातला एकजण १२×५० घेऊन आलता, थोड्याच वेळात गरगरायला लागलं म्हणून ती पिशवीत गेली ती गेलीच. काठावरनं बघणार असाल तर १० पट मस्त, बोटीत मात्र ८ च्या वर जाऊ नका.

दुसरी गोष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची. १००० मीटरवर ८ पटीच्यात साधारण १२५ ते १४० मीटर रुंद दिसतं, १० पटीच्यात बऱ्याचदा ११० च्या आसपास. कागदावर किरकोळ वाटतं पण डॉल्फिन त्यातच निसटतो. इथले हंपबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, टीव्हीवरच्यासारख्या उड्या फारशा मारत नाहीत, आधी चोच वर येते, मग पाठ वळते आणि विषय संपला. दुर्बीण फिरवून शोधायला टाइमच नसतो. आमच्या बोटवाल्या काकांनी सरळ इंजिन बंद केलं, "वायच थांबा, हयच येतले", आणि आले की राव! बाकीच्या बोटी त्यांच्या मागं भरारा पळत होत्या, त्यांना काय दिसलं असंल देव जाणे.

आता वेळ, कारण दुर्बीण कितीबी भारी असू दे, दुपारी काय उपयोग नाही. पहाटेचा वारा जमिनीकडनं असतो, समुद्र सपाट असतोय, अकराच्या पुढं खारा वारा सुटला की लाटांवर बारकं बारकं पांढरं दिसायला लागतं, वर पश्चिमेचं ऊन पाण्यावरनं डोळ्यात. त्यात ओहोटी सकाळची पाहिजे म्हणजे खडक उघडे पडतात. कोकणातला हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, तर ओहोटी सकाळी पावणेदहाला, थोडं पुढंमागं. पंचमी-षष्ठी बघून जावा, शांत पाणी आणि उघडे खडक एकदम मिळतात.

त्या खडकांवर समुद्र बगळा असतो, करडा काळसर, गळा तेवढा पांढरा, ८ पटीत तो पांढरा पट्टा स्वच्छ कळतो. लडाख-तिबेटकडनं येणारे तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) थंडीत भरपूर, नावात तपकिरी डोकं असलं तरी थंडीत डोकं पांढरंच, डोळ्यामागं एक काळसर ठिपका फक्त, मार्चकडं तपकिरी टोपी चढायला लागते. सिंधुदुर्गच्या तटावर बसून समुद्री गरुड बघितला, घिरट्या घालताना पंख वर उचललेले, घारीसारखे आडवे नाहीत. (हे मालवण १८१२ च्या तहात इंग्रजांकडं जाईपर्यंत आपल्या कोल्हापूरच्या राज्यात होतं, तटावर बसायला आपलाबी हक्क आहेच.) किल्ला आणि शेजारचा पद्मगड १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतात, तवा शंख-प्रवाळ खिशात घालायचे नाहीत. प्रवाळ दुर्बिणीतनं दिसत नाही, त्याला पाण्यातच उतरावं लागतं.

तक्रारी आहेत. पट्टा गळ्याला रुततो, मी दुकानातनं रुंद पट्टा वेगळा घेतला. पुढच्या काचांची झाकणं लगेच निघतात, एक तर पाण्यातच गेलं. आणि वॉटरप्रूफ लिहिलेलीच घ्या, कारण तुषार उडतातच, ते वाळले की मिठाचे कण राहतात आणि शर्टाच्या टोकानं पुसलं की काचेवर चरे. रूमवर आल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची आणि मगच पुसायचं, वॉटरप्रूफ नसंल तर हे जमत नाही.

पावसाळ्यात मालवणच्या बोटी बंद, तेव्हा दुर्बीण घरात पडून राहणार आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा माहितीय. आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली असली तरी काचेवर बाहेरनं बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, चामड्याच्या केसमध्ये अजिबात नको.