जुने सेन्सर, नवी नेमप्लेट: जहाजाच्या टाक्यांसाठी माल घेताना झालेली फसवणूक

बडोदा, भरूच, दहेज या पट्ट्यात जे कोणी बार्ज, टग किंवा छोट्या टँकरसाठी टाक्यांचे लेव्हल आणि प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे टाकीतली पातळी आणि दाब मोजून पॅनेलला कळवणारे सेन्सर, घेतात किंवा बसवतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या युनिटला एका व्यापाऱ्याने तोडलेल्या जहाजांवरून काढलेले सेन्सर नवे म्हणून विकले. खोकं नवं, नेमप्लेट नवी, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बनावट. पैसे गेले याचं दुःख आहेच. पण ते सेन्सर तेलाच्या बार्जवर बसले आणि त्यांच्या आकड्यांवर विसंबून माणसं काम करत होती, याचा संताप अजून शमलेला नाही.

विकणारा मराठी. दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळात ओळख झालेली, येणंजाणं वाढलेलं. "भाऊ, आपण बडोद्याची माणसं, तुम्हाला वाईट माल देऊन मी जाणार कुठे?" असं त्याचं बोलणं. एका शिपयार्डचं काम रद्द झालं, त्याचा न वापरलेला माल पडून आहे, असं त्याने सांगितलं. अशी कामं खरोखर रद्द होतात आणि असा माल खरोखर बाजारात येतो, म्हणून गोष्ट खरी वाटावी अशीच होती. भाव नव्या मालाच्या निम्म्याहून थोडा वर. अगदी फुकटात देतो म्हणाला असता तर कोणालाही शंका आली असती, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आधी त्याने नमुना पाठवला. तो अस्सल नवा होता. आम्ही तो डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनांनी नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, लावला. शून्य दाबाला ४ मिलिअँपियर, निम्म्याला १२, पूर्ण रेंजला २०, सगळं चोख. त्यावर ऑर्डर गेली आणि आगाऊ रक्कम आरटीजीएसने गेली. मग आलेला माल नमुन्यासारखाच दिसत होता, आणि बेंचवर तोही पास झाला.

हा माल अलंगचा होता, हे नंतर कळलं. भावनगर जिल्ह्यात खंभातच्या आखाताच्या काठी १९८३ पासून जहाजं तोडली जातात. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात आणि मग पत्र्यापासून पलंगापर्यंत सगळं विकलं जातं. रस्त्याकडेच्या जुन्या मालाच्या दुकानांमधून, तिथल्या भाषेत खाड्यांमधून, जहाजाची उपकरणंही मिळतात. तिथे जुना माल जुना म्हणून विकणारे कितीतरी प्रामाणिक व्यापारी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. गुन्हा तिथून आणलेल्या मालावर नवी प्लेट ठोकणाऱ्याचा आहे.

बॅलास्ट टाकीच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीच्या, तळाशी बुडवून ठेवायचा सेन्सर वरच्या पाण्याचा दाब मोजतो. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर १० मीटर पाण्याचा दाब साधारण १.००५ बार होतो. पण त्या पाण्यावर हवेचाही दाब असतो आणि तो वजा व्हावा लागतो. त्यासाठी सेन्सरच्या केबलमधून एक बारीक नळी वरपर्यंत जाते आणि तिच्यातून बाहेरची हवा डायफ्रॅमच्या, म्हणजे दाब झेलणाऱ्या पातळ पडद्याच्या, मागच्या बाजूला पोहोचते. जहाज तोडताना केबल कापली जाते. आमच्या मालात त्या कापलेल्या केबलला नवी केबल जोडून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलेली होती आणि आत रेझिन भरलेलं होतं. तारा नीट जोडल्या होत्या. नळी मात्र रेझिनने बुजली होती.

हा दोष बेंचवर तासाभरात दिसत नाही, कारण तेवढ्या वेळात हवेचा दाब फारसा हलत नाही. तो दिसला बार्जवर, पावसाळ्याच्या तोंडाशी, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं तेव्हा. पॅनेलवर बॅलास्टची पातळी हळूहळू उतरायला लागली. बार्ज चालवणाऱ्या सारंगाचा फोन आला, "साहेब, पंप बंद, वॉल्व्ह बंद, मग पाणी जातंय कुठे?" टाकी गळते आहे या धास्तीने त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागा तपासल्या. बार्ज बांधलेली होती, ट्रिम आणि लिस्ट, म्हणजे पुढेमागे आणि आडवा कल, बदललेले नव्हते. साउंडिंग पाइपमधून, म्हणजे हाताने खोली मोजायच्या नळीतून, टेप सोडली तर पाणी होतं तेवढंच होतं. आणि वादळ सरल्यावर पॅनेलवरचं पाणी आपोआप परत वाढलं.

हवेच्या दाबात १० हेक्टोपास्कलचा (०.०१ बार) उतार म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर पाण्याचा फरक. बॅलास्टमध्ये यावर एखादा खांदे उडवेल. तेलाच्या टाकीत मात्र हा आकडा भयंकर आहे. टँकरवर पहिला अलार्म साधारण ९५ टक्क्यांना आणि ओव्हरफिलचा ९८ टक्क्यांना लावतात. ५ मीटर खोल, सरळ भिंतींच्या टाकीत शेवटचे २ टक्के म्हणजे जेमतेम १० सेंटीमीटर. ०.८५ घनतेच्या तेलात तोच उतार १२ सेंटीमीटरचा होतो. म्हणजे पॅनेल जागा आहे असं सांगत असताना तेल डेकवर आलेलं असू शकतं.

आम्ही सगळे सेन्सर उतरवून आणले. पाणी भरलेल्या उभ्या पाइपमध्ये त्यातला एक आणि आमच्याकडचा एक खात्रीचा असे शेजारी शेजारी सोडले आणि बॅरोमीटर बाजूला ठेवला. खात्रीचा सेन्सर स्थिर राहिला, दुसरा बॅरोमीटरच्या मागे मागे फिरत राहिला. मग जोड कापून पाहिला आणि बुजलेली नळी सापडली.

त्याच मालात टाकीच्या वरच्या वाफेचा दाब मोजणारे ट्रान्समीटरही होते. बंद टाकीत तळाच्या सेन्सरला तेलाचा आणि वरच्या वायूचा असा दोन्ही दाब लागतो, म्हणून वरचा वजा करावा लागतो. प्रेशर-व्हॅक्यूम वॉल्व्ह साधारण ०.१४ बारला उघडतो. एवढा दाब वजा झालाच नाही तर ०.८५ घनतेच्या तेलात पातळी दीड मीटरहून जास्त चुकते. या ट्रान्समीटरना हार्ट कम्युनिकेटर, म्हणजे ट्रान्समीटरच्या मेमरीतल्या नोंदी वाचायचं हातातलं यंत्र, लावून आम्ही एकेक पान उघडत गेलो. टॅग, म्हणजे नगाला दिलेलं नाव, कोरा केलेला होता. पण संदेशाच्या जागेत जुन्या जहाजावरच्या इनर्ट गॅस लाइनचं (टाकीत आग लागू नये म्हणून सोडायच्या वायूच्या पाइपचं) नाव तसंच होतं, तारखेच्या जागी कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि आतला सिरीयल नंबर प्लेटवरच्या नंबराशी जुळत नव्हता. आतला नंबर आम्ही उत्पादकाला मेलवर कळवला. उत्तर आलं की तो नग एका कोरियन शिपयार्डला फार पूर्वी गेला आहे. माल नवा नाही याचा लेखी पुरावा आम्हाला असा मिळाला. कम्युनिकेटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्रत्येक नगाची ही सगळी पानं माल उतरवून घेतानाच पाहावीत. नुसती रेंज आणि झिरो पाहून हे कळत नाही.

कागदांचीही हीच गत. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह होतं, यूएलआर नंबर (प्रत्येक रिपोर्टचा वेगळा नंबर) होता. लॅबला विचारलं तर त्या नंबराचा रिपोर्ट भलत्याच गेजचा निघाला. जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या क्लास सोसायटीचं टाइप अप्रूव्हल मात्र खरं होतं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. ते मॉडेलचं असतं, हातातल्या नगाचं नसतं, आणि त्याची प्रत कोणालाही मिळू शकते. बिलावर मालाच्या प्रकाराचा एचएसएन कोड ९०२६ बरोबर लिहिलेला, जीएसटी लावलेला, पण एकाही नगाचा सिरीयल नंबर नाही आणि 'नवा' हा शब्द कुठेच नाही. ते विसरून राहिलं असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त राग मला 'एक्स आयए'च्या प्लेटचा आहे. तेलाच्या टाकीत जाणारं उपकरण ठिणगीला पुरेल एवढी ऊर्जा आत सोडणार नाही, याची ती हमी. मधे तुटलेल्या, हाताने जोडलेल्या केबलवर ती हमी उरत नाही. ती प्लेट ठोकणाऱ्याला तिचा अर्थ पक्का माहीत होता, कारण आमच्याशी तो बॅरियर (ऊर्जा मर्यादित ठेवणारं उपकरण) आणि झोन (स्फोटाच्या धोक्याचे विभाग) याबद्दल सफाईने बोलत असे.

त्याला फोन केला तेव्हा आधी म्हणाला, "भाऊ, एखादा पीस खराब निघतो, बदलून देतो की." मेमरीतल्या नोंदींचे फोटो पाठवल्यावर फोन बंद झाला. दुकानाच्या पत्त्यावर भाड्याची रिकामी खोली होती. बार्जवर आम्ही आमच्या खर्चाने नवे सेन्सर बसवले, आणि ते बसेपर्यंत मालकांनी टेपच्या साउंडिंगवरच काम चालवलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३३६ बनावट दस्तऐवजाचं आणि ३४० तो खरा म्हणून वापरण्याचं. उत्पादकाचा मेल, लॅबचं उत्तर आणि कापलेला जोड हे सगळं जोडलं आहे. तो जोड आम्ही फेकला नाही म्हणून कामाला आला. चिडून दुरुस्तीला हात घालू नका, नग जसाच्या तसा ठेवा.

त्याच्याकडे या मालाची आणखी खोकी होती, ती मी स्वतः पाहिली आहेत, आणि ती कुठेतरी विकली गेलीच असणार. तुमच्या बार्जवरची पातळी पंप बंद असताना हवामानाबरोबर वरखाली होत असेल, तर आधी केबलचा जोड शोधा आणि साउंडिंग टेप काढा. माल त्याच वाटेने आलेला निघाला तर बिल, प्लेटचे फोटो आणि मेमरीतल्या नोंदी घेऊन तुमच्या पोलीस ठाण्यात जा आणि बडोद्यात अशाच मालाची तक्रार नोंदलेली आहे हे तिथे सांगा.