तयार घराचे पैसे माल पाहण्याआधी देऊ नका

सोलापुरात ज्यांच्याकडे लहानसा प्लॉट आहे, पण वाळू, सिमेंट आणि मिस्त्रीची मजुरी आवाक्याबाहेर गेली आहे, अशा कुटुंबांना कारखान्यात तयार होणारी पॅनेलची घरे हल्ली आग्रहाने दाखवली जातात. मुळात हा पर्याय खोटा नाही. केंद्र सरकारच्या, नव्या बांधकाम तंत्रांच्या लाइट हाउस प्रकल्पात इंदूरला १,०२४ घरे सँडविच पॅनेल (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा) पद्धतीनेच उभारली आहेत. आम्हाला फसवले ते पैसे घेण्याच्या क्रमातून.

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत भेटलेल्या एका विक्रेत्याने आम्हाला ४०० चौरस फुटांच्या घराचे दरपत्रक दिले. प्रति चौरस फूट १,१५० रुपयांप्रमाणे ४,६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. भिंती आणि छत ५० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलचे, दोन्ही बाजूंना ०.५ मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा, हे सारे लेखी होते. रकमेपैकी ४० टक्के बुकिंगला, ५० टक्के माल गाडीत चढण्यापूर्वी आणि उरलेले १० टक्के उभारणीनंतर द्यायचे होते. नेहमीच्या बांधकामात आपण जोत्याला, मग भिंतींना, मग स्लॅबला असे हप्ते देतो आणि काम अडले की पुढचा हप्ता रोखता येतो. येथे मात्र एकही भिंत दिसण्यापूर्वी नव्वद टक्के रक्कम हातची जाते. कारखाना पाहायला येतो म्हटले की, "काका, कशाला त्रास घेता, व्हिडिओ पाठवतो की," असे उत्तर मिळे.

दरपत्रकात जोते नव्हते, हेही नंतर कळले. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून ती काढून मुरूम भरून दाबल्याशिवाय काँक्रीट टाकता येत नाही. शौचालयाची टाकी, वायरिंग, नळजोडणी आणि क्रेन यांचाही त्यात उल्लेख नव्हता, म्हणजे जाहिरातीतला दर निव्वळ भिंती-छताच्या पेटीचा होता.

माल अंधार पडल्यावर आला, तोही अर्धाच. छताचे पॅनेल पुढच्या खेपेला येणार होते. सकाळी एका पॅनेलची कापलेली कड पाहिली, तर पिवळसर फोमऐवजी पांढरे दाणे दिसले. त्यांवर पेट्रोलचे काही थेंब टाकताच ते विरघळून खळगा पडला. पफ असे विरघळत नाही, थर्माकोल विरघळतो. यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या ओळखीच्या लेथवाल्याने मायक्रोमीटर लावला, तेव्हा पत्रा ०.३५ मिलिमीटर भरला. थर्माकोल उष्णता अडवतच नाही असे नव्हे, पण तितक्याच जाडीत तो पफपेक्षा कमी अडवतो, आणि मे महिन्यात पारा बेचाळिशीपार जाणाऱ्या गावात हा फरक घरात बसणाऱ्यालाच सोसावा लागतो. शिवाय पैसे पफचे घेतले होते.

त्यानंतर विक्रेत्याचा फोन लागेना. बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासला, तर ती नोंदणी आमच्या बुकिंगच्या आधीच रद्द झालेली निघाली. म्हणजे कराच्या नावाखाली घेतलेली रक्कमही त्याच्याच खिशात गेली. ही तपासणी फुकट होते आणि तिला मिनिटभर लागते.

स्वतःच्या प्लॉटवरच्या एकट्या घराला महारेराचे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे) संरक्षण नाही. पोलीस ठाण्यात प्रथम "हा दिवाणी मामला आहे" असेच ऐकवले गेले. रद्द नोंदणीचा कागद पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. आम्ही करासह ४,८८,५२० रुपये दिले होते, त्यामुळे शुल्क लागले नाही.

असे घर घेणाऱ्यांनी पॅनेलचा प्रकार, फोमची घनता आणि पत्र्याची जाडी करारात लिहून घ्यावी, माल प्लॉटवर उतरवून, कापून, मोजून पाहिल्यावरच मोठा हप्ता द्यावा, आणि विक्रेता याला तयार नसेल तर तेथेच थांबावे. व्हॉट्सअॅपवरचे बोलणे मात्र पुसू नये. आयोगापुढे त्याच्या छापील प्रती देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे, आणि ज्या फोनवर ते संदेश आले तो फोन तोवर विकू किंवा बदलू नये.