जुनी गाडी मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

समजा, एकच मॉडेल, एकच साल. मालक साडेतीन लाख सांगतोय, डीलर तीन नव्वद. चाळीस हजार वाचतात हे खरं, पण महिन्याभरात इंजिन बसलं तर दाद कुठे मागणार, तेही हिशेबात धरा.

डीलरचा धंदाच गाड्या विकण्याचा, म्हणून त्याला ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. घरच्या वापरासाठी घेतलेली गाडी सदोष निघाली किंवा माहिती खोटी ठरली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र वयानुसार झालेली झीज म्हणजे दोष नव्हे. आणि बिल दुकानाच्याच नावाचं घ्या. नाहीतर भांडणाच्या वेळी ‘आम्ही फक्त मध्यस्थ होतो’ हे ऐकावं लागतं.

घरगुती मालकाच्या बाबतीत आयोगाचं दार बंद, कारण तो व्यापारी नाही. मालविक्री कायदा 1930 नुसार मालाची पारख करणं हे मुळात घेणाऱ्याचंच काम. उरतं दिवाणी न्यायालय, आणि तिथे फसवणूक सिद्ध करावी लागते. करार कायदा 1872 मध्ये याचं घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात दुखणाईत घोडा विकताना मालक नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा ठणठणीत आहे असं धरतो’, आणि मालक तरीही गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं.

म्हणून टोकन देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारा: मोठा अपघात झालाय का? पुरात होती का? मीटर मागे फिरवलाय का? उत्तर जपून ठेवा. नजरेनेही तपासा. 2019 ला सांगली-कोल्हापुरात, 2021 ला चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ दिसते का ते बघा. स्टेपनीखालचा पत्रा हाताने चाचपा.

आरसीवर कर्जाचा बोजा लपवलेला निघाला, तर मात्र विकणारा कुणीही असो, कायदा तुमच्या बाजूने आहे.

माझं मत विचाराल तर, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी दाखवणारा आणि तुमच्या मेकॅनिकला बॉनेट उघडू देणारा मालक मिळाला, तर त्याच्याकडूनच घ्या. तो टाळाटाळ करत असेल, तर चाळीस हजार जास्त मोजा आणि पक्कं बिल घ्या.