कमरेला लपेल असं .45: शील्ड, ग्लॉक 30एस की आखूड 1911?

ह्यूस्टनच्या बाहेर गॅस स्टेशन चालवणाऱ्या एका मित्राचा मध्यंतरी फोन आला. रात्री अकराला दुकान बंद करायचं, गल्ला मोजायचा आणि रोकड घेऊन एकट्यानं गाडीपर्यंत चालत जायचं, हा त्याचा रोजचा क्रम. "फोर्टी-फाइव्हच घ्यायचं हे पक्कं झालंय," तो म्हणाला (म्हणजे .45 इंच व्यासाची गोळी झाडणारं पिस्तूल), "पण शर्टाखाली दिसता कामा नये. कुठलं घेऊ?" त्याच्यासाठी जे सांगितलं तेच इथे नीट मांडतोय, कारण याच पेचात असलेले आणखी दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत.

पिस्तुलांकडे वळण्याआधी व्हिसाचं पाहा. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मग टेक्सासचा कायदा कितीही मोकळा असो. शिकारीचा वैध परवाना हा एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर वकिलाला न विचारता दुकानाची पायरी चढू नका. खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म 4473 वर खोटं उत्तर देणं हा गंभीर गुन्हा आहे. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही. टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही हँडगन बाळगता येते, तरीही मी मित्राला लायसन्स काढायलाच लावलं. त्यासाठीचं प्रशिक्षण कामाचं आहे आणि ते लायसन्स मानणाऱ्या दुसऱ्या राज्यांतही उपयोग होतो. लाल अक्षरात 51% लिहिलेली पाटी दिसली, की ते ठिकाण मुख्यतः तिथे बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूवर चालतं असं समजायचं. तिथे पिस्तूल न्यायचं नाही, लायसन्स असलं तरी.

आता .45 च का? गावाकडे परवान्याचं पिस्तूल म्हणजे बहुधा बत्तीस बोअर. त्याची गोळी जेमतेम 71 ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेल्या .45 एसीपीची नेहमीची गोळी 230 ग्रेन, जवळजवळ 15 ग्रॅम. अमेरिकन लष्करानं 1911 पासून 1985 पर्यंत हीच गोळी प्रमाण मानली. ती जड आणि संथ असते. पाच इंची नळीतून ती सेकंदाला साधारण 850 फुटांनी निघते. 9 एमएमची गोळी तिच्या निम्म्या-पाऊण वजनाची, पण बरीच वेगवान.

लपवायच्या पिस्तुलात नेमका इथेच घोळ होतो. नळी पाचावरून सव्वातीन इंचांवर आली की मुळातच कमी असलेला वेग आणखी उतरतो. पोकळ टोकाची गोळी लागल्यावर उमलायला ठरावीक वेग लागतो, आणि तो मिळाला नाही तर ती साध्या गोळीसारखीच आत जाते. म्हणून आखूड .45 घेणाऱ्यानं गोळी निवडताना कंजूषी करू नये. स्पीअरची गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल आखूड नळीसाठीच बनवलेली आहे. फेडरलच्या 230 ग्रेनच्या एचएसटीलाही चांगलं नाव आहे.

तर पहिलं पिस्तूल, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी शील्ड 45. हे 2016 मध्ये आलं. नळी 3.3 इंच, जाडी एक इंचाच्या किंचित आत, रिकाम्याचं वजन साधारण 580 ग्रॅम. सोबत सहा आणि सात गोळ्यांची मॅगझिन मिळतात. आकडे वाचून फार कळत नाही, पण कमरेला लावलं की ती एक इंच जाडी म्हणजे काय ते समजतं. ह्यूस्टनच्या जुलैत अंगावर सुती टी-शर्टच असतो, आणि त्याखाली जाड पिस्तुलाचा उंचवटा लगेच दिसतो. शील्ड अंगालगत चपटं बसतं. अंगठ्याचा सेफ्टी खटका हवा की नको हे घेतानाच ठरवता येतं. मला आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो असं नाही, आतली एक छोटी कळ खाली केली की काम होतं. घरच्या टेबलावर साफसफाई करणाऱ्या नवख्यासाठी हे फार मोलाचं आहे.

शील्डचा झटका मात्र लपत नाही. एवढ्या हलक्या पिस्तुलातून एवढी जड गोळी सुटली की मनगट वर उचललं जातं. पहिल्या मॅगझिनला माझी चौथी-पाचवी गोळी नेमाच्या खाली गेली, कारण झटक्याच्या भीतीनं हात आधीच दबत होता. दोन-तीनशे गोळ्यांनी हे सुधारतं. तेवढा सराव करायचा नसेल तर हे पिस्तूल घेऊ नका.

दुसरं ग्लॉक 30एस, 2013 चं. ग्लॉक 30एसएफची रुंद मूठ आणि ग्लॉक 36 ची बारीक स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) अशी ही जोडणी आहे. नळी 3.78 इंच, मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक. चालवायला तिघांत सगळ्यात सुखाचं हेच. मूठ भरून हातात येते, झटका पूर्ण तळहातावर पसरतो, आणि दुसरी गोळी शील्डपेक्षा लवकर नेमावर येते. ग्लॉक 21 ची 13 गोळ्यांची मॅगझिनही यात चालतात, पण दहाची मर्यादा असलेल्या राज्यांत ती नेऊ नका. उलट न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी हा हिशेब .45 च्या बाजूनं झुकतो. तिथे 9 एमएमलाही दहाचीच मर्यादा, मग जास्त गोळ्यांचा त्याचा मोठा फायदा उरतोच कुठे? न्यू जर्सीत तर पोकळ टोकाच्या गोळ्या कमरेला बाळगून फिरायला मनाई आहे. साधी गोळी वापरायची असेल, तर जिचा मूळ व्यासच साडेअकरा मिलिमीटर आहे तिला माझं मत. राज्यांचे कायदे बदलत राहतात, त्यामुळे तेवढं ताजं तपासून घ्या.

30एसचा तोटा मुठीत आहे. पिस्तूल लपवताना बहुतेक जण नळीची लांबी बघतात, पण नळी पँटच्या आत जाते. शर्टावर उठून दिसते ती मूठ. 30एसची मूठ आखूड असली तरी दोन रांगांच्या मॅगझिनमुळे सव्वा इंचाहून जाड आहे, आणि अकरा गोळ्यांसह एकूण वजन पावणेनऊशे ग्रॅमच्या घरात जातं. इन न करता सैल, बटणाचा शर्ट घालणाऱ्याला हे जमतं. बारीक अंगाच्या माणसाला खाली वाकताना अवघड जातं. हात लहान असतील तर ट्रिगरपर्यंत बोट नीट पोहोचतं का, हे घेण्याआधी बघाच. आणि ग्लॉक खोलताना ट्रिगर दाबावा लागतो. मॅगझिन काढा, नळी डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा, मगच दाबा.

तिसरं, तीन इंची नळीचं 1911, म्हणजे ब्राउनिंगच्या जुन्या लष्करी पिस्तुलाची छोटी आवृत्ती. कोल्ट डिफेंडर, किंबर अल्ट्रा कॅरी ही या घराण्यातली नावं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, सात अधिक एक गोळ्या, सातशे ग्रॅमच्या आसपास वजन. दिसायला यासारखं दुसरं नाही आणि ट्रिगर तर लोण्यासारखा. माझं मन यावरच होतं. पण मी जे दीर्घकाळ वापरून पाहिलं (कंपनीचं नाव घेत नाही), त्यात शंभर गोळ्यांत दोनदा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकली. स्प्रिंग बदलल्यावर बरं झालं, तरी विश्वास उडाला तो उडालाच.

कारण यंत्रातच आहे. ब्राउनिंगनं ही रचना पाच इंची नळीसाठी केली होती. तीन इंचांवर स्लाइड हलकी होते, तिचा प्रवास आखूड होतो आणि ती मागे-पुढे फार वेगानं पळते. मॅगझिनला पुढची गोळी वर आणायला वेळ कमी मिळतो. स्प्रिंग थोडी थकली किंवा पकड ढिली पडली की अडकण्याची शक्यता वाढते. शिवाय हे पिस्तूल हॅमर मागे ओढून, खटका लावून बाळगायचं असतं. बाहेर काढताना खटका उतरवणं हे हाताच्या हाडांत मुरलेलं असावं लागतं. वेळेवर स्प्रिंग बदलणाऱ्या आणि दर आठवड्याला रेंजवर जाणाऱ्या माणसासाठी हे आहे. मित्र रात्री अकराला दुकान बंद करून सकाळी सहाला उघडतो. त्याला मी नको म्हणालो.

दोन नावं पटकन. स्प्रिंगफील्डचं एक्सडी-एस शील्डच्याच मापाचं आहे, पण छोट्या मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या. मुठीच्या मागे दाबली जाणारी सेफ्टी ज्यांना हवी त्यांनी पाहावं. जुनं घेत असाल तर 2013 च्या रिकॉलमधलं तर नाही ना, हे नंबरावरून तपासा. चार्टर आर्म्सचं बुलडॉग हे .44 स्पेशलचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. त्यात पुंगळी अडकायचा प्रश्नच नाही, पण लांब, जड ट्रिगर ओढत नेम राखणं नवख्याला कठीण जातं.

मग 9 एमएमचं काय? हा प्रश्न टाळणं अप्रामाणिक ठरेल. 1986 च्या मायामीतल्या गोळीबारानंतर एफबीआय मोठ्या गोळ्यांकडे वळली, 10 एमएम आणि मग .40 आली. पण 2014 मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागानं आधुनिक 9 एमएम पुरेशी असल्याचं मांडलं, आणि तिकडेच ते परतले. सिग पी365 मध्ये शील्ड 45 पेक्षा लहान आकारात दहा अधिक एक गोळ्या बसतात. काडतूसही बरंच स्वस्त. सरावाच्या .45 ला दीडपट ते दुप्पट पैसे पडतात, आणि महाग काडतुसामुळे सराव कमी होतो हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय.

मित्राला मी एका रविवारी रेंजवर नेलं. शील्ड, 30एस आणि पी365 भाड्यानं घेऊन प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या, सात यार्डांवर. पहिल्या दहांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. हात थकल्यानंतरच्या शेवटच्या दहा कुठे लागतात ते पाहायचं. 30एसचा घोळका, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा, सगळ्यात लहान आला, पण रिकामं पिस्तूल कमरेला लावून बसल्यावर गाडीच्या सीटवर ते टोचत होतं. शील्डचा घोळका वीतभर पसरला तरी सगळ्या गोळ्या छातीच्या चौकटीत होत्या. .45 सोडायला तो तयार नव्हता आणि शील्डच्या झटक्याला घाबरलाही नाही. त्यानं अंगठ्याच्या खटक्याचं शील्ड घेतलं. सोबत ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर आणि दुपदरी जाड पट्टा. साध्या पट्ट्यावर पिस्तूल लोंबकळतं आणि सारखं वर ओढावं लागतं, तेवढ्यानंच बघणाऱ्याला कळतं.

त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. टेक्सासात निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो, म्हणून पिस्तूल घरी यायच्या आधी बोटाच्या ठशानं उघडणारी तिजोरी भिंतीत बसवून घेतली. किल्लीही मित्राकडेच असते, बायकोला उघडण्याची पद्धत शिकवलेली आहे, आणि रात्री घरात शिरल्यावर पहिलं काम तेच, चपला काढायच्याही आधी.